सोमवारी सकाळी रात्रीचा बिल्ड तयार नसतो: जेनकिन्सच्या वेळापत्रकातील वारंवार येणाऱ्या अडचणीचे निवारण

तक्रार नेहमी एकाच वाक्यात येते: “आज बिल्ड झालेला नाही.” (बिल्ड म्हणजे कोडमधून चालणारी आवृत्ती तयार करून तपासण्याची फेरी.) पहाटे दोनला आपोआप सुरू होऊन तीनच्या आत संपायला हवा तो बिल्ड सकाळी साडेनऊला टेस्टर मंडळींच्या हाती नसतो, त्यांच्यासमोर शनिवारची जुनीच आवृत्ती असते, आणि मग कोणीतरी जेनकिन्सचा, म्हणजे बिल्ड आपोआप चालवणाऱ्या साधनाचा, सर्व्हर रीस्टार्ट करतो. त्यानंतर हाताने चालवलेला बिल्ड बिनबोभाट पार पडतो, सगळे आपापल्या कामाला लागतात, आणि पुढच्या किंवा त्याच्या पुढच्या सोमवारी तीच तक्रार पुन्हा उभी राहते. पुण्यातल्या आमच्या टीममध्ये हा प्रकार जवळजवळ तीन महिने चालला, कारण प्रत्येक रीस्टार्टबरोबर अडचणीचा पुरावाही पुसला जात होता. म्हणून पहिली विनंती अशी की, बिल्ड झालेला नाही असे दिसल्यावर सर्व्हरला हात लावण्याआधी दहा मिनिटे थांबा आणि पुढे सांगितलेल्या तीन जागा पाहून घ्या.

“झाला नाही” म्हणजे नेमके काय झाले?

या एका वाक्यामागे तीन वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात आणि त्यांचे उपाय एकमेकांच्या जवळपासही नाहीत. ठरलेली वेळ आली तेव्हा ट्रिगर, म्हणजे बिल्ड सुरू करणारा आदेश, लागलाच नाही, ही पहिली शक्यता. ट्रिगर लागला पण बिल्ड रांगेतच बसून राहिला, ही दुसरी. आणि बिल्ड सुरू झाला पण मध्येच कुठेतरी अडकून संपलाच नाही, ही तिसरी. बहुतेक लोक पहिली शक्यता गृहीत धरून वेळापत्रकाच्या ओळीत फेरफार करू लागतात, आणि ती ओळ निर्दोष असेल तर तिच्यात नवीनच चूक घालून ठेवतात.

यातली कोणती शक्यता खरी आहे हे जेनकिन्स स्वतःच सांगतो. जॉबच्या (जेनकिन्समध्ये मांडून ठेवलेल्या कामाच्या) पानावरील बिल्डच्या इतिहासात त्या वेळेची नोंद आहे का, आणि नोंद उघडल्यावर तो टायमरने सुरू झाल्याचे लिहिले आहे का, हे आधी पाहावे. नोंद असेल तर ट्रिगरचा प्रश्न तिथेच मिटला. नोंद नसेल तर डावीकडील रांगेकडे वळावे. तिथे तो जॉब दिसत असेल तर त्यावर माउस नेल्याबरोबर थांबण्याचे कारण दिसते, म्हणजे मोकळा एक्झिक्युटर (एका वेळी एक बिल्ड चालवणारी जागा) नाही, हवे ते लेबल असलेला नोड (बिल्ड चालवणारी मशीन) बंद आहे, किंवा याच जॉबचा आधीचा बिल्ड अजून चालू आहे. नोंदही नाही आणि रांगही रिकामी, अशी स्थिती असेल तरच वेळापत्रकाच्या ओळीकडे जावे.

आमच्या बाबतीत सगळा घोळ तिसऱ्या शक्यतेचा होता, आणि ती सर्वांत कमी लोक तपासतात, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करतो.

अडकलेला बिल्ड पुढच्या सगळ्यांची वाट अडवतो

ज्या सोमवारी आम्ही रीस्टार्ट न करता आधी पाहायचे ठरवले, त्या दिवशी रांगेत आमचा जॉब एकदाच दिसत होता आणि त्याखाली कारण होते, की बिल्ड क्रमांक ११८४ अजून चालू आहे. तो उघडला तर त्याला सुरू होऊन १ दिवस ७ तास झाले होते. रविवारी पहाटे दोनला सुरू झालेला तो बिल्ड सोमवारी सकाळपर्यंत एक एक्झिक्युटर धरून बसला होता. कन्सोल लॉगमधील शेवटची ओळ रविवारी पहाटे २ वाजून ३१ मिनिटांची होती. एका चाचणीचे नाव छापून झाले होते आणि त्याखाली कोरी जागा. चूक नाही, इशारा नाही, काहीच नाही.

जुना, फ्रीस्टाइल प्रकारचा (पानावरच्या सेटिंगमधून मांडलेला) जॉब असेल तर जेनकिन्स त्याचे दोन बिल्ड एकाच वेळी चालवत नाही. तशी परवानगी सेटिंगमध्ये मुद्दाम द्यावी लागते. त्यामुळे सोमवारी पहाटे दोनला लागलेला ट्रिगर रविवारच्या बिल्डमागे मुकाट्याने उभा राहिला. शिवाय त्याच जॉबची पॅरामीटरशिवायची दुसरी मागणी आली, तर जेनकिन्स ती रांगेतल्या पहिल्या मागणीतच मिसळून टाकतो. दिवाळीच्या सुट्टीत चार दिवस बिल्ड अडकून पडला, तरी कामावर परतल्यावर रांगेत चार नोंदी दिसत नाहीत, एकच दिसते. रांग लांबलेली नसते, म्हणून कोणाला संशयही येत नाही.

पाइपलाइन प्रकारच्या (पायऱ्या कोडमध्ये लिहिलेल्या) जॉबमध्ये हेच दुखणे वेगळ्या रूपात बाहेर येते. तिथे मनाई केलेली नसेल तर एकाच जॉबचे अनेक बिल्ड एकाच वेळी चालू शकतात, म्हणून पहिला अडकला तरी दुसरा सुरू होतो, तोही त्याच ठिकाणी अडकतो, आणि रोज एक याप्रमाणे एक्झिक्युटर खाल्ले जातात. नव्या जेनकिन्समध्ये मुख्य नोडवर मुळात दोनच एक्झिक्युटर असतात. तेवढ्यावरच काम चालत असेल तर तिसऱ्या दिवशी सगळेच जॉब ठप्प होतात, आणि दोष मात्र ज्याचा त्याच्याशी काही संबंध नाही अशा जॉबला दिला जातो. पाइपलाइनच्या बाबतीत रीस्टार्टचाही भरवसा नसतो, कारण ती रीस्टार्टनंतर जिथे थांबली होती तिथूनच पुढे चालू राहण्यासाठी बनवलेली आहे. एजंटवर (बिल्ड प्रत्यक्ष चालवणाऱ्या मशीनवर) अडकलेली प्रक्रिया जिवंत असेल तर सर्व्हर परत आल्यावर ती तशीच अडकलेली सापडते.

बिल्ड अडकला कशावर, हे शोधण्यासाठी एजंटवर जाऊन त्या जावा प्रक्रियेचा थ्रेड डंप, म्हणजे प्रत्येक थ्रेड (कामाचा धागा) या क्षणी कोणत्या ओळीवर आहे याची नोंद, घ्यावा. जेडीकेबरोबर (जावाच्या साधन-संचाबरोबर) येणाऱ्या जेस्टॅक या साधनाला प्रक्रियेचा क्रमांक दिला की काम होते. दहा-पंधरा सेकंदांच्या अंतराने दोन-तीन डंप घ्यावेत आणि तिन्हींमध्ये तोच थ्रेड त्याच ओळीवर उभा आहे का ते पाहावे. आमचा थ्रेड तिन्ही वेळा सॉकेटवरून (नेटवर्क जोडणीवरून) वाचण्याच्या ओळीवर उभा होता आणि त्याच्या खाली डेटाबेस ड्रायव्हरचे नाव होते. चाचणीच्या डेटाबेसची व्हर्च्युअल मशीन दर रविवारी पहाटे अडीचला थेट बंद करून तिची प्रत घेतली जात होती, ही गोष्ट आम्हाला त्यानंतर कळली.

इथे खरे कारण समजून घेणे फार गरजेचे आहे. मशीन रीतसर बंद झाली असती तर जोडणी तुटल्याचा निरोप आमच्या बाजूला आला असता आणि चाचणी लगेच फेल झाली असती. वीज गेल्यासारखी मशीन नाहीशी झाली तर असा निरोप येत नाही. आपली बाजू केवळ उत्तराची वाट पाहत असते, स्वतः काही पाठवत नसते, म्हणून जोडणी मेल्याचे तिला कळायला मार्गच उरत नाही. जावामध्ये सॉकेटवरून वाचण्याची मुदत मुळात शून्य असते आणि शून्याचा अर्थ अनंतकाळ असा आहे. जोडणी जिवंत आहे का हे तपासणारी लिनक्सची कीपअलाइव्ह सोय चालू असेल तरीही तिची पहिली तपासणी मूळ सेटिंगप्रमाणे ७,२०० सेकंदांनी, म्हणजे पूर्ण दोन तासांनी होते. आणि प्रोग्रॅमने ती सोय मागितलीच नसेल तर कधीच होत नाही. डेटाबेस वापरणाऱ्या चाचण्या आमच्या बिल्डमधल्या जेमतेम आठ मिनिटांच्या होत्या. त्या आठ मिनिटांत अडीचचा ठोका पडला तर बिल्ड अडकायचा, नाही तर सुटायचा. अडचण काही सोमवारी येते आणि काही सोमवारी येत नाही, याचे कारण एवढेच होते.

उपाय तीन थरांत केला. डेटाबेसच्या जोडणीच्या पत्त्यातच सॉकेट टाइमआउट घातला, जेणेकरून चाचणी अडकण्याऐवजी फेल व्हावी. प्रत घेण्याची वेळ आणि बिल्डची वेळ एकमेकींपासून दूर नेली. तिसरा उपाय मी प्रत्येकाला आग्रहाने सांगेन: वेळापत्रकावर चालणाऱ्या कोणत्याही बिल्डला वरची वेळमर्यादा असलीच पाहिजे. फ्रीस्टाइल जॉबसाठी बिल्ड टाइमआउट हा प्लगइन आहे, आणि पाइपलाइनमध्ये ऑप्शन्सच्या भागात टाइमआउट लिहिता येतो. मर्यादा ठरवताना अंदाजाने आकडा टाकू नये. गेल्या महिनाभरातील सर्वांत लांबलेला बिल्ड पाहावा आणि त्याच्या साधारण दुप्पट वेळ द्यावा. आमचा बिल्ड पन्नास मिनिटांच्या आत संपतो, म्हणून आम्ही नव्वद मिनिटे ठेवली.

पाइपलाइनमध्ये एक बारकावा आहे. एजंट सर्वांत वरच्या पातळीवर जाहीर केला असेल तर टाइमआउटचे घड्याळ एजंट मिळाल्यानंतर सुरू होते, पण एजंट एखाद्या स्टेजच्या आत जाहीर केला असेल आणि टाइमआउटही त्याच स्टेजवर असेल तर एजंटची वाट पाहण्यात गेलेला वेळही मोजला जातो. गर्दीच्या वेळी बिल्ड एकही ओळ न चालवता टाइमआउट होऊन मेला, असे दिसले तर कारण बहुधा हेच असते. लॉगमध्ये काही हालचाल होत असेपर्यंत मर्यादा पुढे सरकवत राहण्याची सोयही टाइमआउटमध्ये आहे. लांबी कमी-जास्त होणाऱ्या बिल्डला ती चांगली उपयोगी पडते.

ट्रिगर लागलाच नसेल तर

आता पहिली शक्यता. वेळापत्रकाच्या ओळीत पाच रकाने असतात: मिनिट, तास, महिन्यातील तारीख, महिना आणि वार. रोज पहाटे दोनसाठी “० २ * * *” असे लिहितात. (इथे आकडे आणि अक्षरे देवनागरीत लिहिली आहेत, प्रत्यक्ष चौकटीत ती इंग्रजीतच टाकावीत.) चौकटीखाली जेनकिन्स लगेच दाखवतो, की या ओळीप्रमाणे मागचा बिल्ड केव्हा झाला असता आणि पुढचा केव्हा होईल. त्या दोन तारखा वाचल्याशिवाय सेव्हचे बटण दाबू नये, कारण निम्म्याहून अधिक चुका तिथेच उघड्या पडतात.

सर्वांत जास्त फसवणारी चूक घड्याळाची असते. डॉकरच्या कंटेनरमध्ये चालणाऱ्या जेनकिन्सचे घड्याळ सहसा यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असते आणि भारतीय वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे आहे. म्हणून पहाटे दोनला लावलेला बिल्ड आपल्याकडे सकाळी साडेसातला सुरू होतो. हे लक्षात आल्यावर लोक हाताने हिशेब करतात आणि रात्री साडेआठ, म्हणजे २० वाजून ३० मिनिटे, अशी वेळ घालतात. तो हिशेब बरोबर आहे, पण वाराचा रकाना सोमवार ते शुक्रवार असाच राहिला तर घोटाळा होतो. आपल्या सोमवारी पहाटेचे दोन म्हणजे यूटीसीत अजून रविवारची रात्र; त्यामुळे सोमवारचा बिल्ड कधीच होत नाही आणि कोणाला नको असलेला शनिवारचा मात्र नेमाने होतो. सोमवारी बिल्ड नाही ही तक्रार दर आठवड्याला न चुकता येत असेल तर सर्वांत आधी हेच पाहावे. हातचा हिशेब करण्यापेक्षा चौकटीच्या पहिल्या ओळीत “टीझेड=एशिया/कोलकाता” असे इंग्रजीत लिहून दुसऱ्या ओळीपासून आपल्या वेळेप्रमाणे रकाने भरणे केव्हाही चांगले.

ज्यांचा सर्व्हर अमेरिकेतील एखाद्या टीमकडे आहे त्यांना आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. न्यूयॉर्कच्या वेळेप्रमाणे पहाटे दोनला लावलेला बिल्ड पुण्यात उन्हाळ्यात सकाळी साडेअकराला आणि हिवाळ्यात दुपारी साडेबाराला सुरू होतो, कारण तिथले घड्याळ वर्षातून दोनदा बदलते. मार्चमधल्या दुसऱ्या रविवारी तिथे पहाटे दोननंतर थेट तीन वाजतात, त्यामुळे अडीच ही वेळ त्या दिवशी येतच नाही. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी एक ते दोन हा तास दोनदा येतो. म्हणून अशा सर्व्हरवर महत्त्वाचा बिल्ड एक ते तीनच्या मध्ये ठेवू नये.

“ठरावीक वेळाने बिल्ड करा” आणि “एससीएम तपासा” या दोन चौकटी एकाखाली एक असतात आणि दोन्हींत ओळ एकाच पद्धतीने लिहितात, त्यामुळे ओळ चुकीच्या चौकटीत पडणे अगदी सहज घडते. पहिली चौकट काहीही बदल नसला तरी बिल्ड करते. दुसरी त्या वेळी रिपॉझिटरीकडे (कोडच्या साठ्याकडे) पाहते आणि नवीन कमिट (नोंदवलेला बदल) असेल तरच बिल्ड करते. सुट्टीनंतर बिल्ड दिसत नाही आणि कामाच्या दिवशी दिसतो, अशी तक्रार असेल तर ओळ दुसऱ्या चौकटीत गेली आहे असे समजावे.

ट्रिगर जेनकिन्सफाइलमध्ये (पाइपलाइनच्या पायऱ्या असलेल्या फाइलमध्ये) लिहिला असेल तर तो फाइल कमिट केल्याबरोबर लागू होत नाही. ती पाइपलाइन एकदा चालली, की त्या वेळी जेनकिन्स ट्रिगरची नोंद करतो. वेळापत्रक बदलून कमिट केले आणि निश्चिंत मनाने घरी गेलो, तर त्या रात्री जुनेच वेळापत्रक लागू असते. म्हणून बदलानंतर एकदा हाताने बिल्ड चालवावा. कोडच्या प्रत्येक ब्रँचसाठी (शाखेसाठी) वेगळी चालणाऱ्या मल्टिब्रँच पाइपलाइनमध्ये याच्या उलट त्रास होतो: फाइल प्रत्येक ब्रँचबरोबर जाते, म्हणून रात्री दोनला तीस ब्रँचचे तीस बिल्ड उठतात. ब्रँचचे नाव तपासून मुख्य ब्रँचलाच वेळापत्रक द्यावे आणि बाकीच्यांना रिकामी ओळ द्यावी.

महिन्याच्या पहिल्या सोमवारी रिलीजचा बिल्ड हवा असतो, तेव्हा तारखेच्या रकान्यात १ ते ७ आणि वाराच्या रकान्यात सोमवार असे लिहितात. जेनकिन्स दोन्ही अटी पूर्ण झाल्या तरच बिल्ड करतो, म्हणून तिथे हे बरोबर चालते. युनिक्सच्या नेहमीच्या क्रॉनमध्ये (वेळापत्रकाप्रमाणे कामे चालवणाऱ्या साधनात) हे दोन्ही रकाने भरले तर कोणतीही एक अट पुरते, आणि तीच ओळ पहिल्या सातही दिवशी आणि शिवाय प्रत्येक सोमवारी चालते. एका ठिकाणची ओळ दुसरीकडे उचलून नेताना हा फरक अनेकांना नडतो.

आणि ठरलेल्या वेळी जेनकिन्सच बंद असेल तर हुकलेला बिल्ड तो नंतर भरून काढत नाही. सर्व्हर अपडेट करण्याची रात्र आणि बिल्डची रात्र एकच असेल तर सकाळी हाताने बिल्ड लावावा लागतो.

रांगेत थांबला असेल तर

चाळीस जॉब, चार एक्झिक्युटर आणि सगळ्यांची वेळ ठीक दोन, हे चित्र फार ठिकाणी दिसते. दोन वाजता दमछाक आणि सव्वाचारला शुकशुकाट. जेनकिन्समध्ये यासाठी आकड्याऐवजी एच हे अक्षर लिहिण्याची सोय आहे: “एच २ * * *” म्हटले की जॉबच्या नावावरून जेनकिन्स दोन ते तीनमधील एक मिनिट काढतो आणि दररोज तेच ठेवतो. जॉबना सहसा वेगवेगळी मिनिटे मिळतात आणि गर्दी पसरते. हे मिनिट नावावरून निघत असल्यामुळे जॉबचे नाव बदलले की वेळही बदलू शकते. दुसरा एखादा जॉब त्या वेळेवर अवलंबून असेल तर तो बिघडतो. मुळात एका जॉबची वेळ दुसऱ्याच्या वेळेवर बेतू नये. पहिला यशस्वी झाल्यावर त्यानेच दुसऱ्याला उठवावे.

नोड बंद असल्याचे कारण दिसत असेल तर डिस्क पाहावी. मोकळी जागा १ जीबीच्या खाली गेली की जेनकिन्स मूळ सेटिंगप्रमाणे तो नोड स्वतःच बाजूला ठेवतो. जुने बिल्ड टाकून देण्याचा नियम जॉबवर लावलेला नसेल तर काही महिन्यांनी ही वेळ हमखास येते.

दुसऱ्या साधनांवर

गिटहब अ‍ॅक्शन्सवर वेळापत्रक मुख्य ब्रँचवरील फाइलप्रमाणेच चालते, दोन फेऱ्यांत किमान पाच मिनिटांचे अंतर लागते, आणि तासाच्या ठोक्यावर गर्दी असल्यामुळे फेरी उशिरा सुरू होऊ शकते. म्हणून शून्य मिनिटाऐवजी १७ किंवा ४३ असे मिनिट निवडावे. सार्वजनिक रिपॉझिटरीत ६० दिवस काहीच हालचाल झाली नाही तर वेळापत्रक आपोआप बंद केले जाते. गिटलॅबवर प्रत्येक वेळापत्रकाला एक मालक असतो आणि फेरी त्याच्या अधिकारात चालते. तो सहकारी कंपनी सोडून गेला आणि त्याचे खाते बंद झाले की रात्रीचा बिल्डही थांबतो. सहकाऱ्याच्या निरोपाच्या आठवड्यात त्याच्या नावावरची वेळापत्रके दुसऱ्या कोणाकडे द्यायला हवीत.

जे थेट लिनक्सच्या क्रॉनवर बिल्ड चालवतात त्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. क्रॉनला आपल्या लॉगिनमधले मार्ग ठाऊक नसतात, म्हणून जावा आणि मेव्हनचे पूर्ण मार्ग लिहावेत. आणि आधीची फेरी संपलेली नसताना दुसरी सुरू होऊ नये यासाठी एफलॉक (एका वेळी एकच फेरी चालू देणारी कमांड) वापरावा. पण एफलॉकने लावलेले कुलूप अडकलेल्या बिल्डच्याच हातात राहते, त्यामुळे सोबत टाइमआउट ही कमांडही लावावी, नाही तर वर सांगितलेलीच गोष्ट इथेही घडते.

बिल्ड न झाल्याची बातमी आपणहून यावी

बिल्ड फेल झाला तर ईमेल येते. बिल्ड सुरूच झाला नाही किंवा अडकून राहिला तर ईमेल येत नाही, आणि ती आली नाही याचा अर्थ सगळे ठीक आहे असा घेतला जातो. आमचे तीन महिने या गैरसमजात गेले. आता आम्ही जेनकिन्सपासून पूर्णपणे वेगळ्या असलेल्या एका मशीनवर छोटी स्क्रिप्ट ठेवली आहे. ती रोज सकाळी साडेसहाला जेनकिन्सच्या एपीआयकडून शेवटच्या यशस्वी बिल्डची वेळ मागते. ही वेळ मिलिसेकंदांत येते, म्हणून तिला १,००० ने भागायला विसरू नये. ती वेळ २६ तासांहून जुनी असेल, किंवा जेनकिन्सने उत्तरच दिले नाही, तर टीमच्या ग्रुपवर निरोप जातो. चोवीस तासांवर दोन तास मुद्दाम जास्त ठेवले आहेत. निरोपात जॉबचे नाव, शेवटच्या यशस्वी बिल्डचा क्रमांक आणि सध्या चालू असलेल्या बिल्डला किती वेळ झाला, या तीन गोष्टी असतात. तिसरा आकडा नव्वद मिनिटांच्या पुढे गेलेला दिसला, तर थ्रेड डंप घेतल्याशिवाय रीस्टार्ट करायचा नाही, असे आम्ही आपसांत ठरवले आहे.